सायकलची बैठक आणि पुढचा ब्रेक

सायकल थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होऊन सहज घसरते. मात्र पुढचा ब्रेक किती जोरात दाबता येईल, हे चालवणारा कसा बसला आहे यावर ठरते.

साध्या सायकलवर माणूस बसला की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य (सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू), पुढचे चाक जमिनीला टेकते तिथून साधारण ६० सेंमी मागे आणि ११० सेंमी उंचीवर असतो. ६० भागिले ११० म्हणजे सुमारे ०.५५. गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्याच्या, ०.५५ पटीपेक्षा जोरात वेग तोडला, तर मागचे चाक उचलले जाते. कोरड्या डांबरावर टायरची पकड याहून जास्त असल्याने सायकल घसरण्याआधी उलटते. तरीही ताशी २५ किमी वेगातली सायकल या मर्यादेत साडेचार मीटरच्या आसपास थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकने सुमारे दहा मीटर लागतात. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर आपटशील’ हा घरोघरचा सल्ला त्यामुळे अर्धाच खरा.

तोंडावर आपटण्याची भीती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उंच चाकाच्या सायकलवर माणूस जवळपास पुढच्या आसावरच बसे, आणि डोक्यावर पडणे नित्याचे होते. जॉन केम्प स्टार्लीच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ सायकलने चालवणाऱ्याला दोन चाकांच्या मध्ये, खाली आणले.

आजही पुष्कळदा सायकलच्या आधी माणूस उलटतो. सायकल मंदावते, अंग त्याच वेगाने पुढे जाते, सीटवरून घसरून हँडलवर आदळते. सीट नाकाकडे झुकलेली किंवा हँडल फार लांब असेल, तर हातांवर आधीच भार असतो आणि झटका पेलायला जोर उरत नाही. कोपरे किंचित वाकवून, हात घट्ट रोवून, ढुंगण मागे सरकवायचे: गुरुत्वमध्य पाच सेंमी मागे गेला तरी मर्यादा ०.५९ होते. दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ती ०.४५ वर येते, म्हणून घाटात ही सवय जास्त उपयोगी. ब्रेकची लिव्हर बोटांना जेमतेम पोहोचत असेल, तर ब्रेक हळूहळू दाबता येत नाही, एकदम आवळला जातो. लहान हातांसाठी ती जवळ आणून घ्यावी.

सीटपुढच्या आडव्या नळीवर मूल बसवले की भार पुढे येतो. कॅरिअरला दुधाचे कॅन लटकवले की तो मागे आणि खाली जातो, उलटण्याचा धोका घटतो. पण वजन वाढल्याने ब्रेक जास्त जोराने दाबावा लागतो. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर मात्र हा हिशेब बदलतो: तिथे उलटण्याआधी पुढचे चाक घसरते, आणि घसरलेले पुढचे चाक सावरणे फार कठीण.