भूप आणि देसकार: सूर तेच, मग राग दोन कसे?

क्लासिकल ऐकायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला कोणीतरी सांगतं की भूपात पाचच सूर, सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत, आणि मग चार दिवसांनी तो देसकार ऐकतो, नेटवर शोधतो, तर तिथेही तेच पाच सूर आणि तेही सगळे शुद्ध. इथे बरेच जण सोडून देतात, म्हणतात हे जाणकारांचं काम, आपल्याला नाही झेपणार. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हा फरक कानाला कळतो, त्यासाठी कुठली परीक्षा द्यावी लागत नाही.

घरात पोरांचा छोटा कीबोर्ड असला तरी चालेल. काळी तीन सा धरा, मग काळी चार रे, काळी पाच ग, आणि पुढच्या सप्तकातली काळी एक प, काळी दोन ध. पांढऱ्या पट्टीला हातच लावायचा नाही. आता सा रे ग करत गंधारावर या आणि तिथे थांबा, मग प ग, ध प ग, रे सा, खाली मंद्रातल्या म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवताला जाऊन पुन्हा सा रे ग. हा भूप. आता तीच बोटं पण रे जवळजवळ टाळून सा ग प ध असं सरळ वर चढा, धैवतावर उभे रहा, मग पंचमावर टेका, परत ग प ध, वरचा सा, ध प. लगेच हवा बदलते. कीबोर्डवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही त्यामुळे अर्धंच कळेल, भूपात पंचमावरून गंधारावर जी घसरत येणारी ओढ असते ती गळ्यातूनच ऐकायला हवी, पण मुक्काम कुठे आहे ते नक्की कळेल.

सगळं त्या मुक्कामावर आहे. भूपाचा वादी म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सूर गंधार आणि संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा धैवत, देसकारात बरोबर उलटं. शाळेतल्या पोरांना हे पाठ करून घेतात आणि मग ते नुसतं पाठच राहतं, पण त्याचा अर्थ एवढाच की भूप सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात घर करतो आणि देसकार वरच्या. म्हणून भूप शांत, जमिनीला धरून वाटतो, सावकाश मंद्रात उतरतो, आणि देसकार उघडा, चढता, तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या साकडे बघणारा. रिषभाची गोष्टही तशीच, भूपात तो हक्काचा सूर, देसकारात आला न आला असा, आरोहात तर बऱ्याचदा गायबच. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलात तर गुरू लगेच टोकतात की देसकार दिसतोय.

रागांची थाटांत, म्हणजे सात सुरांच्या साच्यांत, वाटणी करणाऱ्या संगीतशास्त्रज्ञ भातखंडेंनी भूप कल्याण थाटात टाकला आणि देसकार बिलावलमध्ये. आता या दोन थाटांतला फरक ठरवणारा मध्यम (कल्याणात तीव्र, बिलावलमध्ये शुद्ध) दोघांतही नाहीच, म्हणजे ही वाटणी स्वरांच्या यादीवरून झालेली नाही, चालीवरून झालीय. वेळेचंही तसंच, वादी पूर्वांगात म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असेल तर राग साधारण दुपारी १२ ते रात्री १२ मधला आणि उत्तरांगात म्हणजे वरच्या अर्ध्यात असेल तर रात्री १२ ते दुपारी १२ मधला, म्हणून भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात आणि देसकार सकाळी. कर्नाटक संगीतातला मोहनम हा रागही याच पाच सुरांचा, पण तिथे वेळेचं हे बंधन इतकं घट्ट नाही.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो तो भूपाळीचा. देवाला उठवायला पहाटे म्हणतात ती भूपाळी हा रचनेचा प्रकार आहे, ती भूपातच असली पाहिजे असं काही नाही, आणि भूपालाही भूपाली म्हणतात त्यामुळे लोकांना वाटतं भूप सकाळचा राग. तसं नाहीये.

देसकार कमी ओळखीचा राहतो याला माझ्या मते मैफिलींची वेळ जबाबदार आहे. बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी, आणि लाउडस्पीकरला रात्री १० ची मर्यादा आल्यापासून रात्रभर चालून सकाळच्या रागांवर संपणाऱ्या मैफिलीही गेल्या. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आधी रात्रभर चालायचा. आता दिवाळी पहाटचे कार्यक्रम उरलेत, पण तिथे बहुतेक वेळा दोन गाण्यांतच अभंग आणि नाट्यगीतं सुरू होतात. आयोजकांनी निदान अर्धा तास सकाळचा राग नीट गाऊ द्यावा असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत घरीच करा. रात्री जेवण आवरल्यावर किशोरी आमोणकरांचा भूप, ‘सहेला रे’, लावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होताना कोणाचाही देसकार. स्वर ओळखत बसू नका, गाणारा श्वास घ्यायच्या आधी कुठल्या सुरावर थांबतो तेवढंच ऐका. सुरुवातीची आलापी, म्हणजे रागाची सावकाश मांडणी, अजिबात वगळू नका, राग तिथेच उघडतो, द्रुत म्हणजे जलद तानांमध्ये तर दोन्ही इतक्या वेगाने पळतात की नवख्या कानाला फरक पकडणं अवघड. आणि हे दोन्ही कानात बसले की शुद्ध कल्याण हा राग घ्या, तो चढतो भूपासारखाच पण उतरताना त्यात निषाद आणि तीव्र मध्यमाची चाहूल लागते.