भिंतीबाहेरचा कारखाना : पुणे पट्ट्यातल्या जॉबवर्कची पार्श्वभूमी

चाकणच्या एखाद्या वाहन कंपनीने उत्पादनक्षमता वाढवल्याचं जाहीर केलं, की वाचणाऱ्याला वाटतं, आवारात नवी शेड उभी राहिली, नवी मशिन्स आली. बरेचदा तसं काही झालेलं नसतं. आत होणारं सब-असेंब्लीचं एखादं काम, समजा अ‍ॅक्सलची जुळणी, उचलून जवळच्या व्हेंडरकडे दिलेलं असतं. रिकाम्या जागेत मुख्य लाइन लांबवलेली असते. जुळलेला अख्खा भाग आता टेम्पोतून, गाड्या ज्या क्रमाने लाइनवर येणार त्याच क्रमाने, थेट दारात उतरतो.

ही पद्धत आधुनिक व्यवस्थापनशास्त्राची देणगी म्हणून सांगितली जाते. पुणे पट्ट्यापुरतं ते अर्धसत्य आहे. इथे काम बाहेर गेलं ते आधी कायद्यांमुळे आणि करांमुळे. कार्यक्षमतेची भाषा मागाहून आली. आणि बाहेर ते काम पेलणारी माणसं मिळाली, कारण आधीची काही वर्षं मोठ्या कारखान्यांनी जवळपास सगळंच आत बनवलं होतं.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली आली. भारत फोर्जची स्थापना 1961ची, एमआयडीसीची 1962ची. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात काम सुरू केलं ते 1960च्या दशकाच्या मध्यात. टेल्कोची धुरा तेव्हा सुमंत मुळगावकरांकडे होती आणि त्यांनी ट्रकच्या आधी ट्रक बनवायची साधनं बनवायला घेतली : मशीन टूल्स, डाय, फिक्स्चर, शिवाय प्रशिक्षण केंद्र. पुण्यात बनलेलं पहिलं वाहन बाहेर पडलं 1977 साली. दहा वर्षांहून जास्त काळ एका कंपनीने कारखाना बनवणारा कारखाना उभारण्यात घालवला, हे आजच्या तिमाही निकालांच्या काळात सांगून खरं वाटणार नाही. पण तेव्हा इलाज नव्हता. हव्या त्या अचूकतेचा गिअर किंवा प्रेस टूल बाहेरून मागवावं, तर बनवणारा जवळपास कोणी नव्हताच.

त्या टूलरूममधून आणि अ‍ॅप्रेंटिसशिपमधून जी माणसं तयार झाली, त्यातली काही पुढे नोकरी सोडून भोसरीत शेड घेऊन बसली. एखादं जुनं लेथ, एक ड्रिलिंग मशीन, बँकेचं कर्ज, आणि जुन्या साहेबाची ओळख. ड्रॉइंग वाचता येतं, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते हाताला माहीत, आणि माल रिजेक्ट झाला तर का झाला हे कंपनीच्या इन्स्पेक्टरशी त्याच्याच भाषेत बोलता येतं. ‘टेल्कोतला माणूस’ ही या भागात पदवीपेक्षा मोठी शिफारस होती. कंपनीच्या दृष्टीने पाहिलं तर कौशल्य तेच राहिलं, फक्त त्याचा पगार द्यायचा थांबला.

आता कायदे. 1951च्या उद्योग कायद्याखाली परवान्यात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल काढणं हा गुन्हा होता. 1969च्या एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारीला आळा घालणाऱ्या, कायद्याने मोठ्या घराण्यांना प्रत्येक मोठ्या विस्तारासाठी दिल्लीची परवानगी मागायला लावली. बजाजच्या स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबत, ते याच काळात. दुसऱ्या बाजूला 1967पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनी बनवायच्या म्हणून राखून ठेवायला सुरुवात झाली. सुरुवातीची यादी 47 वस्तूंची होती, ती पुढे आठशेच्या वर गेली. ‘पूरक उद्योग’ अशी वेगळी वर्गवारी होती. आपला निम्मा किंवा जास्त माल दुसऱ्या कारखान्यांना पुरवणाऱ्या युनिटला गुंतवणुकीची मर्यादा थोडी सैल मिळे. 1975 साली लघुउद्योगाला 10 लाख, पूरक उद्योगाला 15 लाख. 1991 साली 60 आणि 75 लाख. लहान युनिटांना अबकारीत, म्हणजे कारखान्यात बनलेल्या मालावरच्या केंद्राच्या करातही, सूट होती. म्हणून तोच भाग मोठ्या कंपनीच्या भिंतीआड बनला तर महाग आणि दोन किलोमीटरवर बनला तर स्वस्त, मशीन तेच असलं तरी. याचा उलटा परिणामही झाला. मर्यादा ओलांडायची नाही म्हणून धंदा वाढला की शेड मोठी करण्याऐवजी भावाच्या किंवा बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढायची, ही रीतच पडली. आपल्याकडचे लघुउद्योग लहान का राहिले, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पण माल फिरवण्याची खरी वाट उघडली ती जॉबवर्कच्या तरतुदींनी. कंपनीने कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, द्यायचं, भोसरीच्या शॉपने त्यावर मशीनिंग करून परत पाठवायचं, आणि बिल लावायचं फक्त मजुरीचं. अशा मालावर अबकारी संपूर्ण किमतीवर लावायची की मजुरीवर? 1975 साली केंद्र सरकारने जी अधिसूचना काढली, तिने ती फक्त मजुरीच्या रकमेवर ठेवली. 1986 साली मॉडव्हॅट, म्हणजे कच्च्या मालावर भरलेली अबकारी पक्क्या मालाच्या अबकारीतून वजा करायची पद्धत, आली आणि कच्चा माल, भरलेल्या अबकारीची वजावट न गमावता, कामासाठी बाहेर पाठवून परत आणण्याची सोय नियमांतच बसली. त्या नियमाच्या क्रमांकावरून निघालेलं ‘57 एफ 4चं चलन’ हा शब्द भोसरी-तळवड्यात नियम रद्द झाल्यावरही कित्येक वर्षं चालला. जीएसटीतही तत्त्व तेच आहे : चलनावर गेलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं. जॉबवर्क करणाऱ्याला मालात पैसे गुंतवावे लागत नाहीत, म्हणून अगदी थोड्या भांडवलावर शॉप उभं राहतं. अर्थात पीस वाया गेला तर कास्टिंगची पूर्ण किंमत डेबिट नोटने त्याच्याच बिलातून कापली जाते. दहा-वीस रुपये मजुरीच्या कामात शेकड्यांतली जोखीम.

जकातीनेही नकाशा बदलला. 1982 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि जकातीवर ती इतकी श्रीमंत झाली की तिच्या श्रीमंतीचे दाखले देशभर दिले जात. नाक्यावर अडकणारा ट्रक मात्र कारखान्याला परवडत नव्हता. चाकण हद्दीबाहेर होतं. बजाजचा तिथला कारखाना 1999 साली सुरू झाला, पुढे मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा आले. जकात 2013 साली गेली, तोवर व्हेंडर मंडळी आपापल्या कंपन्यांमागे नाशिक रस्त्याला लागून सरकली होती.

बजाजचंच दुसरं उदाहरण वाळूजचं. 1985 साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, नवा कारखाना निघाला तेव्हा आसपास पुण्यासारखी पुरवठादारांची फळी नव्हती. ती मुद्दाम उभी करावी लागली. अनुरंग आणि तरंग जैन या जुळ्या भावांनी, राहुल बजाज यांच्या भाच्यांनी, तिथे अ‍ॅल्युमिनियम डाय-कास्टिंग सुरू केलं. त्यातून पुढे एन्ड्युरन्स वाढली, तरंग यांनी व्हॅरॉक वेगळी काढली. आज दोन्ही शेअर बाजारात आहेत आणि एन्ड्युरन्सचे कारखाने इटली-जर्मनीतही आहेत. नात्यागोत्याचा फायदा झाला हे उघड आहे. पण हमखास गिऱ्हाईक मिळालं तर व्हेंडर किती वाढू शकतो, हेही तिथेच दिसलं.

कामगारांचा भाग टाळून हा इतिहास सांगता येत नाही. 1976 साली औद्योगिक विवाद कायद्यात मोठ्या कारखान्यांना कामगार कपातीसाठी सरकारी परवानगी सक्तीची झाली. ती आधी 300 कामगारांच्या वर होती, 1980च्या दशकात 100वर आली. 1989 साली राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केलं आणि पोलिसांनी पहाटे ते उठवलं. त्यानंतर कायम कामगारांची नवी भरती करण्याऐवजी काम बाहेर देण्याकडे पट्ट्यातल्या व्यवस्थापनांचा कल वाढला असं मला वाटतं, जरी कोणी तसं कागदावर लिहिलं नसलं तरी. बाहेरच्या शेडमध्ये वीस माणसं, तीही तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची. तिथे संघटना कोण बांधणार? पुढे तर 2013च्या ‘नीम’ या प्रशिक्षणार्थी घेण्याच्या सरकारी योजनेनंतर मुख्य लाइनवरच प्रशिक्षणार्थी म्हणून आलेली मुलं सर्रास दिसू लागली.

1990नंतर भाषा बदलली. मारुतीने सुझुकीबरोबर गुडगावच्या आसपास जपानी धर्तीची पुरवठादारांची साखळी आधीच बांधली होती. टाटांनी 1995 साली टाटा ऑटोकॉम्प काढली. 1998च्या अखेरीस इंडिका बाजारात आली त्या सुमारास सीटपासून वायरिंगपर्यंतच्या कामांसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदाऱ्या झाल्या होत्या. सुटे भाग मागवण्याऐवजी जुळलेले भाग मागवायचे. शेकडो छोट्या व्हेंडरांशी व्यवहार करण्याऐवजी मोजक्या मोठ्यांशी करायचा आणि बाकीच्यांना त्यांच्या हाताखाली ढकलायचं. या वाटेचं टोक ब्राझीलमध्ये पाहायला मिळालं. रेसेंदे इथल्या फोक्सवॅगनच्या ट्रक कारखान्यात 1996पासून पुरवठादारांचीच माणसं लाइनवर उभी राहून जुळणी करत. आपल्याकडे कोणी तिथवर गेलं नाही.

भोसरीच्या छोट्या शॉपसाठी याचा अर्थ इतकाच की गिऱ्हाईक बदललं. पूर्वी थेट कंपनीचा व्हेंडर कोड होता, आता मधल्या मोठ्या व्हेंडरची खरेदी ऑर्डर. उधारीचा प्रश्न तिथूनच तीव्र झाला. लघुउद्योगांच्या थकीत बिलांवर व्याज देण्याचा कायदा 1993चा, 45 दिवसांची मुदत घालणारा 2006चा. दोन्हींकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही, कारण तक्रार करणारा व्हेंडर पुढची ऑर्डर गमावतो. 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्यात 43बी(एच) आलं. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. मध्यम उद्योग मात्र या संरक्षणाबाहेर आहेत. त्यामुळे मधल्या फळीतला जो जुळणीदार मध्यम गटात मोडतो, त्याला वरच्या कंपनीने 90 दिवसांनी पैसे दिले तरी तिची वजावट अडकत नाही. खालच्या शॉपचे पैसे त्याने 45 दिवसांत चुकते केले नाहीत, तर त्याची मात्र पैसे देईपर्यंत अडकते. मधल्या दीड महिन्याचं भांडवल त्यालाच बँकेकडून उचलावं लागतं.