रेषा गोठतात कशा आणि सुटतात कुठे

सौरडागांमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्र असतं, हे जॉर्ज हेल यांनी 1908 साली वर्णपटातल्या दुभंगलेल्या रेषांवरून दाखवलं. ते क्षेत्र सूर्यावरच्या खळबळत्या वायूशी कशाने बांधलेलं असतं, याचा उलगडा मात्र 1940च्या दशकात स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी केला. हा वायू म्हणजे प्लाझ्मा, विद्युतभारित कणांचा तापलेला वायू, आणि तो विजेचा उत्तम वाहक. तो क्षेत्ररेषा (चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषा) ओलांडून सरकू लागला की त्यात विद्युतप्रवाह उठतो आणि होऊ घातलेला बदल हाणून पाडतो. त्यामुळे रेषा प्लाझ्मात गोठल्यासारख्या अडकतात आणि तो नेईल तिकडे जातात. (क्षेत्र फार जोरदार असेल तर सत्ता उलटते : सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात, रेषाच प्लाझ्माला कमानींमध्ये धरून ठेवतात.) यात आकारमानाचा वाटा मोठा आहे. क्षेत्र विरायला लागणारा वेळ आकाराच्या वर्गाने वाढतो. तांब्याच्या मीटरभर गोळ्यात तो काही सेकंद असतो, तर सूर्याएवढ्या पसाऱ्यात अब्जावधी वर्षं.

1958 मध्ये यूजीन पार्कर यांनी हेच तत्त्व सौरवाऱ्याला, म्हणजे सूर्यातून बाहेर वाहणाऱ्या प्लाझ्माला, लावलं. वारा सूर्यापासून सरळ बाहेर निघतो, पण रेषेचं मूळ फिरत्या सूर्यात रुतलेलं. साहजिकच रेषेला पीळ पडतो आणि पृथ्वीपाशी पोचेपर्यंत ती सुमारे 45 अंशांनी कललेली असते. पार्कर यांचा हा शोधलेख दोन्ही परीक्षकांनी नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरीही तो छापला. 1962 मध्ये मरिनर 2 यानाने अखंड वाहणारा सौरवारा मोजला आणि वाद मिटला.

खरी अडचण पुढेच होती. रेषा कायमच्या गोठलेल्या असतील तर सौरज्वाला (सूर्यावरचे अचानक होणारे स्फोट) काही मिनिटांत एवढी ऊर्जा ओकतात कशा? कुठेतरी रेषा तुटून नव्याने जुळायला हव्यात. पीटर स्वीट आणि पार्कर यांनी त्यासाठी विद्युतप्रवाहाचा पातळ पापुद्रा कल्पिला, पण त्यांच्या गणिताने या कामाला महिने लागत होते. 1961 मध्ये जेम्स डंगी यांनी अशीच जुळणी पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचाच्या, वेशीवर मांडली. गंमत म्हणजे 1970 साली नोबेल स्वीकारताना खुद्द आल्फवेन यांनीच आपल्या गोठलेल्या रेषांवर फार विसंबू नका, असं बजावलं. माझ्या मते त्यांचा इशारा रास्त होता, जरी पुनर्जुळणीची कल्पना त्यांनी स्वतः कधीच मानली नाही. 2015 मध्ये नासाच्या एमएमएस या चुंबकावरणाचा अभ्यास करणाऱ्या मोहिमेची चार यानं त्या वेशीवरच्या अशा जागेतून गेली, जिथे इलेक्ट्रॉनही रेषांपासून सुटलेले होते.