‘मोराची लाल पुडी द्या’: सारख्या नावांच्या गोंधळामागचा कायदा

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात कांदा-लसूण मसाला घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कंपनीचं पूर्ण नाव क्वचितच घेतं. ‘मोराची लाल पुडी द्या’ म्हणतं. उद्या दुसऱ्या कुणी लाल पुडीवरच पिसारा मिटलेला मोर छापला, तर हाताला येईल ती पुडी पिशवीत जाते आणि फरक कळतो तो कालवण चाखल्यावर. ट्रेडमार्क कायदा ज्याला ग्राहकाचा गोंधळ म्हणतो, तो हाच.

भारतात 1889 च्या कायद्याने खोटा छाप मारून माल विकणं गुन्हा ठरवलं, पण चिन्हाच्या नोंदणीची सोय त्यात नव्हती. व्यापारी मालकीचं घोषणापत्र करून ते दस्तासारखं नोंदवून ठेवत. नोंदवही आली ती 1940 च्या कायद्याने. पुढे 1958 चा आणि मग 1999 चा कायदा आला. हा शेवटचा 15 सप्टेंबर 2003 पासून लागू आहे. ‘फसवं साम्य’ हा शब्द कायद्यात आहे, पण किती साम्य म्हणजे फसवं, हे न्यायालयांनीच निकालागणिक ठरवत नेलं.

‘ग्लुकोविटा’ ही ग्लुकोजची पावडर आणि ‘ग्लुविटा’ ही बिस्किटं. माल वेगळा असूनही सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लुविटा’ची नोंदणी अडवली, कारण बिस्किटात ग्लुकोज असतं आणि बेताच्या आठवणीच्या गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच घरची वाटतील. ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’ या खटल्यात तर शब्द फोडून अर्थ लावणंच न्यायालयाने बाजूला ठेवलं. औषध मागणारा माणूस ‘अमृताची धारा’ आणि ‘लक्ष्मणाची धारा’ असा विग्रह करत बसत नाही, कानाला लागलेला नाद घेऊन येतो. तरीही ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. तिथे ती अनेक वर्षं प्रामाणिकपणे विकली जात होती आणि समोरचा गप्प राहिला होता.

आमच्या मते सगळ्यांत उपयोगाचा निकाल 1972 चा, पार्ले बिस्किटांच्या वेष्टणाचा. एका वेष्टणावर पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या, मागे शेतघर. म्हैसूरच्या उत्पादकाच्या वेष्टणावर डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा घेतलेली मुलगी. गाई, कोंबड्या, शेतघर तेच. शेजारी ठेवून पाहिलं तर फरक भरपूर सापडतात. न्यायालय म्हणालं, तसं शेजारी ठेवायचंच नाही. आज एक पुडा पाहिलेल्याला दुसऱ्या दिवशी दुसरा दाखवला तर तो तोच वाटेल का, एवढंच पाहायचं. ‘आमच्यात दहा फरक आहेत’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. औषधांत तर कॅडिला या औषध कंपनीच्या खटल्यातल्या 2001 च्या निकालापासून कसोटी आणखी कडक आहे. तिथे चूक जिवावर बेतते.

कोल्हापुरात खरी अडचण नावाच्या निवडीतच असते. अंबाबाई, शाहू, पंचगंगा, रंकाळा ही नावं सगळ्यांचीच. अशा नावावर मक्तेदारी मागणाऱ्याचा दावा पहिल्यापासूनच पातळ, आणि पुढे ‘न्यू’ किंवा ‘आद्य’ लावून तो घट्ट होत नाही. ‘कोल्हापुरी’ हा शब्द गावाचा आहे. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालाचंच अशी नोंद, मिळालं. चपलेचं मानांकन तर महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांचं आहे. त्यामुळे चप्पल लाइनमधल्या दुकानाने नोंदवायचं ते स्वतःचं वेगळं नाव, ‘कोल्हापुरी’ नव्हे.

नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या नोंदवहीत उच्चारावरून शोध घ्यावा, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत. नोंदणीसाठी माल आणि सेवांचे क्रमांकाने वर्ग पाडलेले आहेत: मसाला आणि गूळ वर्ग 30 मध्ये येतात, चप्पल 25 मध्ये, मिसळीचं हॉटेल 43 मध्ये. एकट्या व्यावसायिकाला टीएम-ए या नोंदणीच्या अर्जासाठी ऑनलाइन शुल्क दर वर्गाला 4,500 रुपये आहे. लेबल रंगाच्या अटीशिवाय नोंदवलं तर ते सगळ्या रंगांसाठी धरलं जातं. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर इतरांना विरोध नोंदवायला चार महिने असतात. जर्नल न चाळणाऱ्याची ही संधी हातची जाते, आणि मग नोंदणी रद्द करून घेण्याचा लांबचा रस्ता उरतो. दुसऱ्याचं नोंदलेलं चिन्ह बाजारात वापरलं जातंय हे ठाऊक असून सलग पाच वर्षं सोसलं, तर प्रामाणिकपणे घेतलेल्या त्या नोंदणीविरुद्ध कलम 33 मुळे दादही मागता येत नाही.

नोंदणी नसली तरी नाव चोरणाऱ्यावर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा लावता येतो, पण तिथे बाजारातली पत, समोरच्याने केलेली दिशाभूल आणि त्यातून होणारं नुकसान, तिन्ही दाखवावं लागतं. याच टप्प्यावर बहुतेकांची पंचाईत होते: वीस वर्षांचा धंदा, पण अर्जात ‘पुढे वापरणार’ असं लिहिलेलं. वापर जुना असेल तर तारीख टाकून प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सोबत पुरावे. सर्वांत जुनं छापील बिल, पुडी छापणाऱ्या प्रेसची पावती, वर्तमानपत्रातली तारखेची जाहिरात हे कागद रद्दीत घालू नयेत. आधी कोण, हा वाद तिथेच मिटतो.