क्लिक आणि फोटो यांच्यामधला अर्धा सेकंद

लहान मूल जागच्या जागी तीस सेंटिमीटर उंच उडी मारतं, तेव्हा ते हवेत किती वेळ असतं? गुरुत्वाकर्षणाचं साधं गणित मांडलं तर वर जायला पाव सेकंद आणि खाली यायला पाव सेकंद. पाय जमिनीवरून सुटताना बटण दाबलं आणि कॅमेऱ्याने अर्धा सेकंद लावला, तर फोटोत मूल पुन्हा जमिनीवर उभं दिसणार. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घरोघरी आलेल्या छोट्या डिजिटल झूम कॅमेऱ्यांना एवढा वेळ सर्रास लागायचा. उजेड कमी असला की त्याहूनही जास्त. वाढदिवसाच्या जुन्या फोटोंत मेणबत्त्या बहुतेक विझलेल्याच का दिसतात, ते यावरून कळेल.

या उशिराला शटर लॅग म्हणतात, पण त्यात शटरचा वाटा अगदी किरकोळ. खरा वेळ खातो तो फोकस. छोट्या कॅमेऱ्याला समोरची वस्तू किती लांब आहे हे थेट कळत नाही. तो लेन्स थोडी सरकवतो, सेन्सरवरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचं चित्र बघतो, कडा किती ठळक आल्या ते मोजतो आणि पुन्हा सरकवतो. ठळकपणा वाढत जातो, एका जागी सर्वाधिक होतो आणि मग कमी व्हायला लागतो. कमी झाल्याशिवाय सर्वाधिक कुठे होता हे कळायला मार्गच नाही, म्हणून लेन्स दरवेळी पुढे जाऊन मागे येते. स्क्रीनवर झूं-झूं करत चित्र धूसर होऊन परत स्पष्ट होतं, ते यामुळेच. सेन्सर सेकंदाला ३० चित्रं देत असेल आणि अशा १५ जागा तपासायच्या असतील, तर अर्धा सेकंद तिथेच गेला. अंधारात चित्रं सेकंदाला १५ वर आली की तोच शोध एक सेकंदाचा होतो.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात, फोकससाठी वेगळा सेन्सर असतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश तो ताडून बघतो आणि लेन्स कुठल्या दिशेला, किती सरकवायची हे एकाच मोजणीत सांगतो. फिल्मच्या जमान्यातल्या छोट्या कॅमेऱ्यांकडेही उपाय होता. १९७९च्या कॅनन एएफ३५एमने इन्फ्रारेड किरण सोडून, तो परत येताना झालेल्या कोनावरून अंतर काढलं होतं. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र बघणारा सेन्सर आयताच होता, त्यामुळे वेगळ्या यंत्रणेचा खर्च बहुतेकांनी वाचवला. मला ही काटकसर महागात पडलेली वाटते. खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापला जायचा; कॅमेरा किती वेळ लावतो हे मात्र दुकानात कुणी सांगायचं नाही.

झूम केलं की हे दुखणं वाढतं. उदाहरणादाखल ५.८ ते १७.४ मिलिमीटर फोकल लेंथची, म्हणजे तीनपट झूमची लेन्स घेऊ. वाइडला, म्हणजे झूम न करता, तिचं छिद्र एफ/२.८ आणि टेलीला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ/४.९; हा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. नुसत्या छिद्राच्या या फरकाने सेन्सरवर येणारा उजेड एक तृतीयांश होतो. शिवाय वाइडला अडीच मीटरवर फोकस ठेवला तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तेच टेलीला साधायचं तर फोकस बारा मीटरवर लागतो आणि सहा मीटरच्या आतलं सगळं धूसर. म्हणजे टेलीला शोध जास्त बारकाईने करायचा, तोही कमी उजेडात.

यावरचा उपाय कॅमेऱ्यातच आहे. बटण अर्धं दाबलं की फोकस आणि उजेडाचं माप दोन्ही ठरून कुलूपबंद होतं. क्षण आला की फक्त उरलेलं अर्धं दाबायचं. राहिलेला उशीर मग साधारण एक दशांश सेकंदावर किंवा त्याच्याही खाली येतो. आणखी एक युक्ती फार थोडे लोक वापरतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत डोंगराच्या खुणेचा लँडस्केप मोड असतो आणि तो फोकस थेट दूरवर नेऊन ठेवतो. वर सांगितलेल्या लेन्सला वाइडवर या मोडमध्ये अडीच मीटरच्या पलीकडचं सगळं स्पष्ट मिळतं, शोध न घेता. अंगणात धावणाऱ्या मुलांसाठी हे उत्तम. फ्लॅश लावणार असाल तर डोळ्यांचा लालपणा घालवणारी सोय बंद ठेवा. बाहुल्या आकुंचन पावाव्यात म्हणून कॅमेरा आधी दिवा लावून थांबतो, आणि तोवर चेहऱ्यावरचं हसू मावळलेलं असतं.

एक फोटो निघाला की दुसऱ्यासाठी पुन्हा वाट बघायची. त्याचं कारण वेगळं. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी नावाच्या प्रकारचा सेन्सर असायचा. फोटो घेताना तो स्क्रीनवरचं चित्र थांबवतो, साठलेला विद्युतभार काढून टाकतो, प्रकाश घेतो, शटर मिटवतो आणि मग एकेक पिक्सेलचा भार रांगेने सरकवत एकाच दाराने बाहेर काढतो. पाच मेगापिक्सेल म्हणजे ५० लाख पिक्सेल. सेकंदाला दोन कोटी या वेगाने ते मोजले तरी पाव सेकंद लागतो. पुढे रंग जुळवणं, जेपीईजी बनवणं, कार्डावर लिहिणं आहेच. जास्त मेगापिक्सेल घेऊन आपण ही रांगच लांबवत होतो.

सुटका झाली ती सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरमुळे. त्यात प्रत्येक उभ्या ओळीला स्वतःचा मोजणारा देता येतो. स्टेशनवर एकच तिकीट खिडकी उघडी असावी आणि एके दिवशी अडीच हजार खिडक्या उघडाव्यात, तसा हा फरक आहे. २००८ मध्ये आलेल्या कॅसिओच्या एक्झिलिम ईएक्स-एफ१ने सहा मेगापिक्सेलचे फोटो सेकंदाला ६० या वेगाने काढून दाखवले. त्यातली एक सोय मला आजही थक्क करते. अर्धं बटण दाबून धरलं की कॅमेरा फोटो घेत राहायचा, नवे येतील तसे जुने पुसायचा, आणि पूर्ण दाबल्यावर त्याच्या आधीचे फोटोसुद्धा ठेवायचा. कॅमेऱ्याचा उशीर तर संपलाच, पण डोळ्यांनी बघून बोट हलेपर्यंत माणसाचा जो पाव सेकंदाच्या आसपासचा वेळ जातो, तोही भरून निघाला. फोकसचा प्रश्न २०१० पासून सुटू लागला. फुजीफिल्मच्या एफ३००ईएक्सआरमध्ये अंतर सांगणारे पिक्सेल मुख्य सेन्सरवरच बसवले होते. २०१६ च्या सोनी आरएक्स१०० मार्क ५ या खिशातल्या झूम कॅमेऱ्यात असे ३१५ बिंदू होते आणि तो सेकंदाला २४ फोटो काढायचा.

आता तरुण मुलं तेच जुने डिजिकॅम कपाटांतून शोधून काढताहेत. त्यांच्यासाठी घरच्या घरी करता येणारी एक चाचणी. फोनवर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करून चांगल्या उजेडात समोर ठेवा. सेकंदाचा ताल पकडा आणि आकडा पूर्ण सेकंदावर येताच बटण एका दमात शेवटपर्यंत दाबा. फोटोत दिसणारा जास्तीचा वेळ लिहून ठेवा, असं पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या. मग तेच, पण आधीपासून अर्धं बटण दाबून धरून. बोटाची चूक दोन्ही वेळी साधारण सारखीच असते, त्यामुळे दोन सरासऱ्यांची वजाबाकी म्हणजे मुख्यतः फोकसचा वेळ. ती मोठी आली तर अर्धं बटण दाबायची सवय लावली की काम झालं. अर्धं दाबूनही आकडा मोठाच राहिला, तर तो वेळ कॅमेऱ्याच्या आतल्या कामाचा आहे. तो कमी करता येत नाही, पण एकदा कळला की बटण तेवढं आधी दाबता येतं.