पार्श्वभूमी : एकाच ऑप्शनच्या दोन आयव्ही

नौपाडा असो की वाशी, ऑप्शनचं (ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचं) सॉफ्टवेअर घ्यायला निघालेला माणूस एका प्रश्नाशी हमखास अडतो. शेअर तोच, स्ट्राइक (करारात ठरलेला भाव) तीच. एका स्क्रीनवर आयव्ही, म्हणजे शेअर किती हलेल याचा ऑप्शनच्या भावात दडलेला टक्केवारी अंदाज, २२, दुसऱ्यावर २६. मग खरी कुठली?

शेअरवरचे ऑप्शन आपल्याकडे जुलै २००१ मध्ये आले, बदला (सौदा पुढे ढकलायची जुनी पद्धत) बंद झाला त्याच सुमारास. सब-ब्रोकरच्या टर्मिनलवर प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, दिसायचा. पुढचं गणित ज्याने त्याने आपापल्या एक्सेलमध्ये करायचं. हे ऑप्शन तेव्हा अमेरिकन पद्धतीचे होते, मुदतीआधी कधीही एक्सरसाइज करता, म्हणजे हक्क वापरता येणारे, म्हणून नावापुढे सीए-पीए: कॉल (घेण्याचा हक्क) किंवा पुट (विकण्याचा हक्क), अमेरिकन. जानेवारी २०११ पासून नवे करार युरोपियन, म्हणजे मुदतीच्या दिवशीच वापरता येणारे झाले, सीई-पीई आलं आणि ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्सचं १९७३ सालचं सूत्र सरळ लावता येऊ लागलं. तयार सॉफ्टवेअर बनवणं त्यामुळे सोपं झालं.

घोळ मात्र तिथेच आहे. आयव्ही बाजारात छापून येत नाही, ती प्रीमियमवरून उलटी काढतात. त्यासाठी सॉफ्टवेअर काही गोष्टी गृहीत धरतं: शेअरचा भाव धरायचा की फ्युचरचा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा), व्याजदर किती, दिवस कॅलेंडरचे की फक्त बाजार चालू असलेले. फ्युचरचा भाव शेअरपेक्षा जास्त असताना शेअरचा चालू भाव आणि शून्य व्याज धरलं, तर त्याच स्ट्राइकच्या कॉलची आयव्ही पुटपेक्षा जास्त दिसते. कॉल महाग झालेला नसतो, हिशोब चुकलेला असतो.

एक्स्पायरीच्या (मुदत संपण्याच्या) दिवशी दुपारी दोन वाजताचं उदाहरण घ्या. बाजार बंद व्हायला दीड तास उरलेला, म्हणजे चोवीस तासांचा सोळावा भाग. एक सॉफ्टवेअर ‘एक दिवस बाकी’ धरतं, दुसरं तास मोजतं. आयव्ही वेळेच्या वर्गमूळाच्या उलट फिरते, त्यामुळे अॅट-द-मनी (स्ट्राइक शेअरच्या भावाजवळ असलेल्या) ऑप्शनला दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळपास चौपट येतो. ट्रायल घेताना रंगीत पेऑफ (नफा-तोट्याच्या) चार्टच्या आधी हे तपासावं, असं माझं ठाम मत आहे.

जुलै २०१८ पासून टप्प्याटप्प्याने शेअरच्या ऑप्शनना प्रत्यक्ष डिलिव्हरी लागू झाली. शेवटच्या चार दिवसांत इन-द-मनी (वापरला तर फायदा देणाऱ्या) पोझिशनवर डिलिव्हरी मार्जिन, म्हणजे शेअर उचलण्या-देण्यासाठी आधी ठेवायची रक्कम, चढत जातं. पैशात सेटलमेंट धरून काढलेला चार्ट नफा दाखवतो, पण लागणारी रक्कम दाखवत नाही. लॉटभर (एका करारातले सगळे) शेअर उचलायला खात्यात पैसे नसले तर तो चार्ट काय कामाचा?

पुढे साप्ताहिक एक्स्पायरीची लाट आली, पण ती निर्देशांकांवर. शेअरचे ऑप्शन मासिकच राहिले. तरीही बरीच नवी अॅप्स निर्देशांक डोळ्यांपुढे ठेवूनच बनली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियामकाने, म्हणजे सेबीने, किरकोळ ग्राहकांच्या अल्गोसाठी (आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रामसाठी) चौकट आणली. त्यात अल्गोच्या ऑर्डरला एक्स्चेंजचा ओळख क्रमांक लागतो आणि जबाबदारी ब्रोकरवर येते. त्यामुळे सॉफ्टवेअर आपल्या ब्रोकरच्या एपीआयशी (सॉफ्टवेअर जोडायच्या दाराशी) रीतसर जोडलेलं आहे का, हेही आता विकत घेण्याआधीच विचारावं लागतं.