फांद्यांभोवतीची जांभळी किनार

पांढऱ्या आभाळासमोर उभ्या असलेल्या निष्पर्ण झाडाचा फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला, की बारीक फांद्यांना कुणीतरी जांभळ्या स्केचपेनने गिरवल्यासारखे दिसते. मग सॉफ्टवेअरमधला हाती लागेल तो स्लायडर ओढला जातो आणि फोटो बऱ्याचदा आणखी बिघडतो. कारण रंगीत कडा दोन वेगवेगळ्या दोषांमुळे येतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

मूळ एकच, ते म्हणजे काचेतून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो. त्यामुळे साध्या एकेरी भिंगात प्रत्येक रंगाची नाभी वेगळ्या अंतरावर पडते. भिंगांचा हा दोष घालवता येणारच नाही असे न्यूटनला वाटले, म्हणून त्याने आरशाची दुर्बीण केली. आरशातून परावर्तन होताना रंग फाटत नाहीत. पुढे क्राउन (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेचे बहिर्गोल आणि फ्लिंट (रंग जास्त फाकवणाऱ्या) काचेचे अंतर्गोल भिंग जोडून दोन रंग एकाच जागी आणता आले. ब्रिटिश भिंगकार जॉन डॉलंडने १७५८ मध्ये अशा जोडभिंगाचे पेटंट घेतले. पण दोन रंग जुळले तरी बाकीचे थोडे मागेपुढे राहतातच. वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला काचेचा अपवर्तनांक सर्वात झपाट्याने बदलतो, त्यामुळे उरलेली चूकही तिथेच जास्त. फ्लुओराइट किंवा ईडी (रंग फारच कमी फाकवणाऱ्या) काचेचे घटक घातलेल्या महाग लेन्स हीच उरलेली चूक कमी करतात.

पहिला दोष अक्षीय. हिरवा रंग सेन्सरवर नेमका फोकस होतो, पण जांभळा-निळा आणि तांबडा थोडे पुढेमागे फोकस होऊन पसरट ठिपके उमटवतात. हे दोन्ही मिसळले की जांभळट वलय दिसते. समजा निळ्याचा फोकस ०.१ मिलिमीटरने चुकला आहे. एफ/१.४ ला (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र म्हणजे ॲपर्चर मोठे) त्याचा ठिपका साधारण ०.०७ मिलिमीटर रुंद पडतो. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर आडवे ६,००० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे ठिपका जवळपास १२ पिक्सेलचा. तीच लेन्स एफ/४ ला नेली की ठिपका चार पिक्सेलांवर येतो. ॲपर्चर दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद करणे हा म्हणूनच सर्वात स्वस्त उपाय.

जांभळ्या किनारीचे खापर अनेकदा सेन्सरवर फोडले जाते. पण नुसते ॲपर्चर लहान करून ती आटत असेल, तर मुख्य दोषी लेन्सच, कारण सेन्सर होता तोच आहे. सेन्सरचा हात लागतो तो वेगळ्या तऱ्हेने. आभाळ जास्त प्रकाशाने जळून पांढरे झाले असेल, तर एरवी अंधूक असलेले ते वलयही ठळक नोंदले जाते. म्हणून एक स्टॉप कमी एक्स्पोजर देऊन रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी आणि सावल्या नंतर उजळाव्यात. जळालेल्या भागात रंगाची माहितीच उरलेली नसते, त्यामुळे तिथली दुरुस्ती नेहमीच ठिगळासारखी दिसते.

दुसरा दोष पार्श्वीय. यात सगळे रंग फोकसमध्ये असतात, पण तांबडी प्रतिमा हिरवीपेक्षा किंचित मोठी किंवा लहान पडते. फरक फक्त ०.१ टक्का असला तरी केंद्रापासून ३,००० पिक्सेल दूर, अगदी कडेला, तो तीन पिक्सेलांचा होतो. केंद्रात शून्य. ॲपर्चर कितीही बंद करा, हा दोष जात नाही.

निदान सोपे आहे. फोटोच्या उजव्या कडेच्या मध्याजवळच्या उभ्या खांबाला एका बाजूला तांबडी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-निळी रेघ आहे, पण त्याच उंचीवरच्या आडव्या तारेला काही नाही आणि मध्यभागही स्वच्छ आहे, तर दोष पार्श्वीय. मध्यभागातही कडांच्या सर्व बाजूंनी एकच जांभळा रंग दिसला तर अक्षीय. खात्री करायची असेल तर छापील मजकुराचा कागद ४५ अंशांत तिरका ठेवून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो घ्यावा. फोकसच्या अलीकडची अक्षरे जांभळट आणि पलीकडची हिरवट दिसली, की शंका उरत नाही.

पार्श्वीय दोष सॉफ्टवेअर जवळजवळ पूर्ण घालवते, कारण तांबडा आणि निळा चॅनेल (त्या रंगाची वेगळी प्रतिमा) हिरव्याच्या मापाला ताणला की काम होते. लाइटरूम या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमध्ये 'रिमूव्ह क्रोमॅटिक ॲबरेशन' (रंगदोष काढा) या चौकटीवर खूण करायची. रॉथेरपी आणि डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्येही रॉ फाइलसाठी आपोआप दुरुस्तीची सोय आहे. हे ताणणे केंद्रापासून मोजले जाते, म्हणून आधीच क्रॉप करून सेव्ह केलेल्या जेपेगवर ते फसू शकते. शार्पनिंगही नंतरच करावे, नाहीतर रंगीत रेघ आणखी टोकदार होते.

अक्षीय किनारीसाठी लाइटरूममधले 'डिफ्रिंज' वापरावे. ड्रॉपरने जांभळ्या कडेवर क्लिक करायचे, किंवा हाताने जांभळ्याची 'अमाउंट' ० ते २० या पट्टीवर हळूहळू वाढवायची. पाच-सहावर भागले तर तिथेच थांबावे. हे साधन रंग ओळखून तो कडेवरून पुसते, बस. कडा दोषाची की जांभळ्या फुलाच्या पाकळीची, हे त्याला कळत नाही. छटेची मर्यादा (कोणकोणत्या छटा पुसायच्या तो पट्टा) फार रुंद केली तर निळ्या आभाळालगत राखाडी रेघ उमटते. चित्रात खरोखरच जांभळे काही असेल, तर पूर्ण फोटोऐवजी फक्त त्या कडेवर ब्रशने डिफ्रिंज फिरवावे.

गिम्प या संपादन सॉफ्टवेअरमध्ये हेच हाताने करता येते. लेयरची प्रत काढा, तिला किनारीच्या रुंदीच्या दुप्पट-तिप्पट त्रिज्येचा गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या, मोड 'एलसीएच कलर' (या लेयरचा फक्त रंग घेणारा) ठेवा, काळा मास्क (लेयर झाकणारा पडदा) लावा आणि फक्त बाधित कडांवर पांढऱ्या ब्रशने रंगवा. प्रकाशछाया मूळ लेयरची राहते, रंग तेवढा आजूबाजूला विरघळतो. त्रिज्या कमी पडली तर जांभळा टिकून राहतो, फार झाली तर आभाळाचा रंग फांदीवर चढतो.

फोटो कृष्णधवल करायचा म्हणून हे सगळे टाळता येईल, असे समजू नये. जांभळी किनार तिथे राखाडी पट्टी होऊन बसते आणि पार्श्वीय दोष कोपऱ्यांत निव्वळ धूसरपणा होऊन उरतो. मग रंगावरून तो ओळखण्याची सोयही संपते. कृष्णधवल करण्याआधी दोन्ही दुरुस्त्या आटोपून घ्याव्यात.